दहा तास, पहिल्यापासून

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी कुठे असायला हवं होतं, हे आमच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर. बायकोच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि ते काढायचे होते. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, तासाभराचं काम. साधं ऑपरेशन नेहमी दुसऱ्याच्या पोटावर होत असतं, हे डॉक्टरांना कोण सांगणार. बायको खड्यांना घाबरत नव्हती, सुरीलाही नव्हती. ती भुलीला घाबरत होती. तिच्या एका मावशीला भुलीतून उठायला दोन तास उशीर झाला होता, आणि उठल्यावर मावशीने समोरच्या नर्सला आपली सून समजून चार गोष्टी सुनावल्या होत्या. हा किस्सा आम्ही घरात वीस वर्षं हसत हसत सांगत आलो. आता तो सांगताना कोणी हसत नव्हतं.

तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "मी शुद्धीवर येईन तेव्हा समोर तुम्ही दिसायला हवेत. बाकी कोणी असो नसो."

मी म्हटलं, "अगं, म्हणजे काय. असणारच."

"दोन्ही बाळंतपणांत हेच म्हणाला होतात," ती म्हणाली आणि देठं गोळा करून आत गेली.

दोन्ही वेळा मी फळ्यासमोर होतो.

आता हा फळा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझं काम काय आहे हे मी आजवर कोणालाही नीट पटवून देऊ शकलेलो नाही. रेल्वेत आहे म्हटलं की लोक तिकिटं मागतात. आमची रेल्वे छोटी. ती माणसं नेतच नाही, माल नेते. सिमेंट, खडी, धान्य, कधीमधी लाकूड. डबे आपणहून कुठे जात नाहीत, इंजिनं शेडमध्ये गुमान उभी असतात. ड्रायव्हर मात्र माणूस आहे. त्याला झोप येते, ताप येतो, मेहुणा येतो. आमच्याकडे असे ड्रायव्हर नऊ, आणि त्यांतला कोण कुठल्या क्षणी गाडीवर चढायला मोकळा आहे, हे सांगणं हे माझं काम. त्यासाठी भिंतीवर फळा, फळ्यावर नऊ खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एक बिल्ला. हिरवा म्हणजे हजर. निळा म्हणजे विश्रांती. पिवळा रजा, लाल आजारी. आणि काळा म्हणजे फोन उचलत नाही. काळा बिल्ला लागणं आमच्यात फार वाईट समजतात. मी घरी येऊन रोज या बिल्ल्यांबद्दल इतकं बोलतो की बायकोलाही सगळे रंग पाठ आहेत.

आमच्याकडे नियम पुष्कळ, पण राजा एकच. ड्यूटी संपल्यावर ड्रायव्हरला दहा तास सलग विश्रांती. सलग या शब्दावर सगळी मदार. त्या दहा तासांत ऑफिसने कोणत्याही कारणाने फोन केला, तर विश्रांती मोडली असं धरायचं आणि दहा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. नियम चांगला आहे. पाठीमागे चाळीस भरलेले डबे घेऊन अर्धवट झोपलेला माणूस निघाला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. हा नियम मी स्वतःच्या हस्ताक्षरात, लाल शाईने, वळणदार अक्षरांत लिहून, फ्रेम करून फळ्याच्या वर लावलेला आहे. पाहुणे आले की साहेब ती फ्रेम दाखवतात. ही फ्रेम लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब तसे भले गृहस्थ. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला, वहिनींची चौकशी केली आणि म्हणाले, जा की. फक्त गुरुवारी तीन गाड्या आहेत, आठची, नऊची आणि दहाची. प्रत्येकीवर दोन माणसं. सहा माणसांची सोय दाखवा आणि खुशाल जा. माझ्या जागी फळ्यासमोर बसायला गोदामाचे कारकून तयार झाले. त्यांना फळा बघायची परवानगी होती, फोन करायची नव्हती. फोन करायला वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते अख्ख्या ऑफिसात माझ्याकडेच आहे. तेव्हा ठरलं असं: ड्रायव्हरला बोलावण्याचा फोन गाडीच्या दोन तास आधी करायचा असतो, म्हणजे सहाला, सातला आणि आठला. ते फोन झाले की मी फळा गोदामवाल्यांच्या ताब्यात देणार आणि साडेनवाला हॉस्पिटलात. कागदावर हे इतकं सुरेख दिसत होतं की मी तो कागद बायकोला दाखवला. तिने वाचला आणि फ्रिजवर लावला. फ्रिजवर लावते त्या गोष्टी ती विसरत नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

सहा माणसं हवी होती. नवांपैकी दोघं महिनाभर ट्रेनिंगला. राहिले सात. त्या सातांत एक पिवळा, एक लाल आणि एक काळा. म्हणजे धड चारच. गुरुवारला सहा दिवस होते. मी कंबर कसली.

पिवळ्याने घराला रंग द्यायला पुढच्या शनिवारपर्यंत रजा टाकली होती. त्याच्याकडे गेलो तर गडी पायरीवर बसून ब्रश भिजत घालत होता. रजा त्याने टाकली होती, पण रंग त्याच्या बायकोला द्यायचा होता, असा एकूण प्रकार. मी म्हटलं, दोघं मिळून लावू, मंगळवारी संपवू, तू बुधवारी कामावर ये. रविवारी सकाळी आठला शिडीवर चढलो आणि संध्याकाळी पाचला उतरलो तेव्हा पुढची खोली पूर्ण झाली होती. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. मग तिने शांतपणे सांगितलं की हा रंग आतल्या खोलीचा होता. राहू दे, हाही बरा दिसतोय, असंही म्हणाली. सोमवारी तिचा निरोप आला की बरा दिसत नाहीये. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी ती खोली पुन्हा रंगवली. उजवा खांदा तेव्हापासून कानाच्या पातळीवर आहे, पण पिवळा बिल्ला खाली आला.

लालची दाढ दुखत होती. दाढ काढून घेतली की दोन दिवसांत कामावर, पण हा सहा फुटी गडी दातांच्या डॉक्टरला घाबरत होता. इंजिनाखाली वाकून पेटलेली ठिणगी हाताने झटकणारा माणूस, पण त्या खुर्चीचं नाव काढलं की घाम. सोमवारी दुपारी मी त्याला घेऊन गेलो. तो म्हणाला, आधी तुम्ही बसून दाखवा, भाऊसाहेब. मी बसलो. डॉक्टरांनी सवयीने तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि माझ्या दोन दाढा किडल्या असल्याचं सांगितलं. मी खुणेने सांगायचा प्रयत्न केला की पेशंट मी नाही, पण तोंडात आरसा असताना माणूस काय युक्तिवाद करणार. एक त्यांनी लगेच काढली. ते बघून आमच्या गड्याला धीर आला आणि तो मुकाट्याने बसला. त्याचा गाल दुसऱ्या दिवशी उतरला. माझा सुजला तो सुजलाच.

काळ्याला आम्ही मौनी म्हणतो. स्वभावाने चांगला, कामात चोख, पण फोन उचलत नाही. तीन वर्षांत त्याने फोन उचलल्याची नोंद नाही, गाडी आहे की नाही हे तो स्वतः चालत येऊन बघून जातो. मी त्याच्या घरी गेलो. फोन कपाटात, नव्या चादरींच्या घडीत, बंद करून ठेवलेला. खराब होऊ नये म्हणून, असं त्याची आई म्हणाली. मी तो चालू केला, आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवला, तो उशाशी ठेवायला लावला आणि वाजला की उचलायचा असं त्याच्या आईसमोर कबूल करून घेतलं. या कामगिरीचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता.

बुधवारी सातही जण कामावर आले. शेवटचा साडेसातला उतरला. फळ्यावर सात निळे बिल्ले ओळीने लागले. दहा तास मोजले तर पहाटे साडेपाचला सगळेच्या सगळे मोकळे. सहा हवेत, सात आहेत. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. मी दिवा मालवताना फळ्याकडे दोनदा वळून बघितलं.

घरी बायकोची पिशवी भरून तयार होती. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका शुभेच्छा द्यायला आले होते. काका विमा कंपनीतून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना विमावाले म्हणतात. इमारतीतल्या प्रत्येक कामात त्यांचा सल्ला असतो. पाण्याची टाकी त्यांच्याच सल्ल्याने बसवली आणि त्यांच्याच सल्ल्याने दोनदा उतरवली. माझी योजना त्यांनी फ्रिजवर वाचली, मान डोलावली आणि विचारलं की या सातांना आठवण केली का. मी म्हटलं, आठवण कसली, सकाळी फोन करणारच आहे. काका हसले. म्हणाले, आमच्या ऑफिसात एक पद्धत होती, महत्त्वाच्या कामाची आदल्या संध्याकाळी एक साधी आठवण करायची. माणूस आहे, विसरतो, कुठे बाहेरगावी निघून जातो. आठवण केली की तो मनाने बांधला जातो. चाळीस वर्षांत माझा माणूस कधी चुकला नाही.

उंटावरचा शहाणा. पण त्या वेळी मला ते पटलं, कारण मला भीती वाटत होती. खरं सांगतो, मला फार भीती वाटत होती. आत बायको आरशासमोर मंगळसूत्र काढून डबीत ठेवत होती, हॉस्पिटलवाल्यांनी दागिने नकोत म्हणून सांगितलं होतं, आणि डबीचं झाकण तिच्याने लागत नव्हतं.

मी ऑफिसचा मोबाइल घेऊन गॅलरीत गेलो. दुसरा मोबाइल माझ्याकडे नाहीच. साडेआठ ते नऊच्या दरम्यान सातही जणांना फोन केला. प्रत्येकाला अगदी घरच्यासारखं सांगितलं, हे ऑफिसचं बोलावणं नाही बरं का, भावाच्या नात्याने बोलतोय, उद्या तुझ्या वहिनीचं ऑपरेशन आहे, तेवढी माझी लाज राख. सगळे हो म्हणाले. झोपेतून उठून हो म्हणाले, जांभई देत हो म्हणाले. मौनीने पहिल्या रिंगला फोन उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि तो हॅलो म्हणाला तेव्हा मला भरून आलं. फक्त घड्याळाने आधी वेळ विचारली. घड्याळ म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो कधी एक मिनिट उशिरा आला नाही आणि एक मिनिट लवकरही आला नाही, त्यावरून हे नाव. त्याने विचारलं, "भाऊसाहेब, आत्ता किती वाजले?" मी म्हटलं, आठ चाळीस. तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. मला वाटलं, वय झालं, गोंधळला असेल.

गुरुवारी साडेपाचला ऑफिसात. सहाला घड्याळाला फोन लावला, कारण आठच्या गाडीवर त्याला घ्यायचं होतं.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "काल तुम्ही आठ चाळीसला फोन केलात. तिथपासून दहा तास मोजले तर सहा चाळीसला संपत होते. आता सहाला पुन्हा केलात. म्हणजे आता दुपारी चारला."

मी म्हटलं, अरे, कालचा फोन खासगी होता.

"फोन ऑफिसचा होता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असला तर थोडा दिलगिरीचा सूर होता. "तुमच्या डोक्यावर लिहिलंय बघा. कोणत्याही कारणाने."

मी मान वर केली. लाल शाई, वळणदार अक्षर. 'कोणत्याही' या शब्दाखाली मी स्वतः दोन रेघा मारल्या होत्या.

आता नीट विचार करणाऱ्या माणसाने इथे काय केलं असतं? खुर्चीत बसला असता. तासभर काही न करता बसला असता. बाकीच्या सहा जणांची विश्रांती साडेसहा ते सातच्या दरम्यान आपोआप पुरी झाली असती, गाड्या तासभर उशिरा सुटल्या असत्या आणि मी फार तर साडेदहाला हॉस्पिटलात पोचलो असतो. तासभर गप्प बसणं, एवढंच काम होतं. त्याला प्रमाणपत्रही लागत नव्हतं. पण एकच विचार डोक्यात होता की या सहा जणांना काल मी त्रास दिला, निदान आता त्यांना सांगावं की बाबांनो, तुमची विश्रांती सातपर्यंत आहे, आरामात झोपा, कोणी उठवणार नाही.

हे सांगायला मी सहाही जणांना फोन केला. सहा पाच ते सहा पंचवीस. मौनीच्या उशाशी तो फोन मी चढवून ठेवलेल्या आवाजात वाजला तेव्हा त्याचं अख्खं घर उठलं. त्याच्या आईने फोन हातात घेऊन मला विचारलं की कोणी गेलं का. रंगवाला म्हणाला, भाऊसाहेब, झोपा म्हणून सांगायला उठवलंत का? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर यादी संपली होती.

ते सहाही जण माझ्यासाठी यायला तयार होते, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. रंगवाला तर चप्पल घालून निघाला होता. पण ऑफिसच्या फोनचा हिशेब यंत्र ठेवतं. कोणाला, किती वाजता, किती सेकंद, सगळं आपोआप छापून सुरक्षा विभागात जातं. सात वाजता सुरक्षेच्या बाई हातात एक लांब कागद घेऊन आल्या. त्यावर चौदा फोन होते. बाईंनी तो कागद फळ्यासमोर धरला, सात निळ्या बिल्ल्यांकडे बघितलं, वरची फ्रेम वाचली आणि विचारलं, अक्षर कोणाचं आहे.

साहेब साडेसातला आले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी मागवलं, ते मला दिलं आणि म्हणाले, "रजा मी दिली होती हो. फळा देत नाही, मी काय करू."

नियमाप्रमाणे मोडलेल्या प्रत्येक विश्रांतीसाठी एक अहवाल. चौदा फोन, चौदा अहवाल, प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर बाईंच्या समोर सही. त्यात एक रकाना होता, 'संपर्काचे कारण'. पहिल्या सातांत मी लिहिलं, 'आठवण करणे'. पुढच्या सातांत, पैकी एक घड्याळाचा बोलावण्याचा सोडून, 'झोपण्यास सांगणे'. त्याच्या खाली दुसरा रकाना, 'संपर्काने साध्य झालेले कार्य'. तो रिकामा सोडून चालत नाही, असं बाई म्हणाल्या. मी चौदा वेळा 'काही नाही' असं लिहिलं. तिन्ही प्रतींत, म्हणजे बेचाळीस वेळा. चौकशी पुरी होईपर्यंत ऑफिस सोडायचं नाही, आणि पुरी झाल्यावर चारला मीच फोन करायचे, कारण प्रमाणपत्र माझ्याकडेच.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे मोबाइल. तो पुरावा होता. बाईंनी तो खाकी पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, त्यावर माझी सही घेतली आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. चौकशीची शेवटची सही होईपर्यंत पाकीट उघडायचं नाही.

दहा चाळीसला पाकीट वाजायला लागलं.

खाकी कागदातून आतला उजेड दिसत होता. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी पाकिटाकडे बघितलं. त्या वाईट बाई नाहीत, त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून वाजणाऱ्या पाकिटाबद्दल काही लिहिलंय का ते खरंच शोधलं. फोन थांबला. पुन्हा वाजला. पाच वेळा वाजला. मी सातव्या अहवालाच्या दुसऱ्या प्रतीवर सही करत होतो आणि माझं आडनाव मला लिहिता येईना. सकाळपासून तिला कळवायचं धैर्य होत नव्हतं; शेवटी टेबलावरच्या फोनवरून मी बायकोचा नंबर फिरवला तेव्हा दहा पंचावन्न झाले होते आणि तिचा फोन बंद होता. आत नेताना बंद करायला लावतात. विमावाल्यांचा नंबर माझ्याकडे होता. तो पाकिटात होता. हॉस्पिटलचा नंबर हॉस्पिटलच्या कागदावर होता. तो फ्रिजवर होता.

अकरा वाजले. गोदामवाले माझ्या शेजारी येऊन बसले. फळा बघायची परवानगी त्यांना होतीच, म्हणून आम्ही दोघं फळा बघत बसलो. यार्डात तीन भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. सिमेंट कारखान्याचा माणूस दर अर्ध्या तासाने फोन करून विचारत होता की ड्रायव्हर कुठे गेले, आणि दर वेळी मी खरं सांगत होतो की सगळे घरी आहेत, ठणठणीत आहेत आणि झोपलेले आहेत. चाळीस वर्षांत म्हणे काकांचा माणूस कधी चुकला नाही. मला त्या क्षणी विमावाले समोर हवे होते.

दुपारी तीनला बेचाळिसावी सही झाली. पाकीट फोडून बाईंनी मोबाइल परत दिला. पाच फोन येऊन गेलेले, पाचही बायकोच्या नंबरवरून. आता विमावाल्यांना फोन लावून विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही. काय ऐकायला मिळेल याची मला भीती वाटली. चारनंतर एकेकाच्या मिनिटाला, घड्याळ समोर ठेवून, दोनदा खात्री करून मी सहा जणांना फोन केले. मौनीने पुन्हा पहिल्या रिंगला उचलला. तो आता कायम उचलणार, असं दिसतं. सहा बिल्ले हिरवे झाले. एवढा हिरवा फळा मी वीस वर्षांत बघितला नव्हता, आणि मला तो बघवेना.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. दुसऱ्या मजल्यावर, ज्या बाकावर मी असायला हवं होतं त्या बाकावर विमावाले बसले होते. सकाळी आठला तेच बायकोला घेऊन आले होते, तेव्हापासून. मांडीवर बायकोची पिशवी आणि हातात मंगळसूत्राची डबी, झाकण घट्ट दाबून धरलेली. रस्ताभर मी त्यांना सुनावायची वाक्यं जुळवत आलो होतो. त्यांतलं एकही आठवेना.

"सगळं व्यवस्थित झालं," ते म्हणाले. "अकरा खडे निघाले. दीडला शुद्धीवर आल्या."

मी विचारलं, काय म्हणाली.

काका थोडे अवघडले. म्हणाले, डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले. काहीच बोलल्या नाहीत. मी माझं नावसुद्धा सांगितलं. मग त्यांनी एक फॉर्म माझ्या हातात दिला. आत नेण्याआधी जबाबदार नातेवाइकाची सही लागते. कोणी आलं नाही तेव्हा ती काकांनी केली होती. नातं, शेजारी. त्याच्या वर पतीचा रकाना होता, आणि तो बायकोने स्वतः भरला होता. नाव बरोबर, वय बरोबर, फोन नंबर बरोबर. शेवटी 'सध्या कोठे उपलब्ध' असं छापलं होतं, आणि त्यापुढे तिच्या अक्षरात दोनच शब्द होते. काळा बिल्ला.

वीस वर्षांत मी पुष्कळ जणांना तो लावला. कोणाला कसं वाटत असेल याचा विचार कधी केला नव्हता.

नर्स म्हणाली, त्या झोपल्या आहेत, आत जा पण उठवू नका, त्यांना सलग झोप हवी. सलग म्हणाली. मी म्हटलं, बाई, त्या बाबतीत तुम्ही निर्धास्त राहा. स्टूल उचलून, पाय न वाजवता, पलंगाच्या समोर नेमका बसलो. दीडची वेळ गेली, पण माणूस दुसऱ्यांदाही उठतो. पुन्हा डोळे उघडतील तेव्हा समोर मीच. चेहरा पांढरा पडला होता तिचा, हातात सुई होती. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. विमावाले दारातून डोकावले, डबी माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच काही सल्ला न देता खाली गेले.

सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या खिशातला फोन वाजला.

खिशातून काढेपर्यंत तीनदा वाजला. घड्याळाचा होता. गाडी सुटायला वीस मिनिटं होती आणि तो इंजिनावर चढायच्या आधी विचारत होता की वहिनी कशा आहेत. मी काहीतरी पुटपुटलो आणि बंद केला. मान वर केली तर तिचे डोळे उघडे होते.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. सुजलेला गाल, कानाला टेकलेला खांदा, बाहीवर परक्या घराचा रंग. मला वाटलं, आता मावशीसारखी मलाही सून समजून बोलणार. तसं झालं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

"चुकलो," मी म्हटलं. "फार वाईट चुकलो गं."

"किती वाजले?"

"सहा दहा."

"झोप मोडलीत," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "आता दहा तास पहिल्यापासून. आणि इथे बसून मोजा."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. सुई नसलेला हात चादरीवर उताणा होता. मी तिची बोटं धरली, तिने ती सोडवून घेतली नाही.

थोड्या वेळाने नर्स आली आणि हळू आवाजात म्हणाली की भेटायची वेळ सातला संपते. मी म्हटलं, मला पहाटे चार दहापर्यंत बसावं लागेल. ती म्हणाली, असं कोणाच्या परवानगीने? मी पलंगाकडे बोट दाखवलं. परवानगी यांनी दिली आहे, मी म्हटलं, पण विचारून खात्री करायची असेल तर ते आत्ता जमणार नाही. त्यांना उठवता येत नाही.